दुकानाची घरपट्टी: बिलाच्या आधी येणारा कागद



आज आम्ही घरपट्टीबद्दल बोलणार आहोत. त्यातही जिथे आपण धंदा करतो, त्या जागेच्या घरपट्टीबद्दल. विषय ऐकून काही जणी म्हणतील, "ते सगळं आमच्याकडे हे बघतात." आम्हीही असंच म्हणत होतो. पण दुकान आपलं, गिरणी आपली, शिलाई मशीन आपलं, आणि त्या जागेचा कर किती आणि का, हे मात्र दुसऱ्यानं बघायचं, हे काही बरं नाही. म्हणून आज हातातलं काम चालू ठेवून पंधरा मिनिटं ऐका.

आम्ही शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या बायका. आमच्यात कुणी शिक्रापूर-सणसवाडीकडे कामगारांचे डबे करतात, कुणी रांजणगावला महागणपतीच्या वाटेवर फुलं-नारळ विकतात, कुणाची पाटस-यवतच्या बाजूला रस्त्यालगत चहाची टपरी आहे. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं पार्लर, कुणाचं फॉल-पिकोचं काम. बहुतेकींचा धंदा घरातच, पुढच्या खोलीत. मागं संसार आणि पुढं दुकान. आणि घरपट्टीत घोळ होतो तो नेमका इथंच.

आमच्यातल्या एका ताईची गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण असं कुठंही होऊ शकतं. ताई नगरपरिषदेच्या हद्दीत राहतात. घर सासऱ्यांनी बांधलेलं, पाच खोल्यांचं. रस्त्याकडच्या खोलीत ताई ब्लाउज शिवतात. दारावर छोटी पाटी. एक दिवस दोन माणसं आली, पाटी बघितली, बाहेरून टेप लावून माप घेतलं, वहीत काही लिहिलं आणि गेली. ताईंनी चहा विचारला, पण वहीत काय लिहिलं ते विचारलं नाही. पुढं काही महिन्यांनी एक नोटीस आली. घरात कुणी नव्हतं, शेजारच्या मुलानं आणून दिली. ताईंनी ती कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवली. बिल आलं की भरू, असा विचार.

मैत्रिणींनो, तो कागदच महत्त्वाचा होता. बिल येतं तेव्हा निम्मी गोष्ट ठरून गेलेली असते. त्या नोटिशीत लिहिलं होतं की तुमच्या मालमत्तेची आकारणी वाढली आहे, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या. आणि त्यात वापराच्या रकान्यात सगळ्या घरापुढं एकच शब्द होता: वाणिज्य. म्हणजे ताईंची देवघराची खोली दुकान, स्वयंपाकघर दुकान, झोपायची खोलीही दुकान.

आता यानं काय फरक पडतो, ते समजून घेऊ.

शहरात, म्हणजे शिरूर किंवा दौंड नगरपरिषदेसारख्या ठिकाणी, हा कर १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याप्रमाणे लागतो. पूर्वापार पद्धत भाड्यावर चालते. ही जागा भाड्यानं दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, हे आधी धरतात. तुम्ही प्रत्यक्षात भाड्यानं दिली नसली तरी धरतात. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरलं ते करयोग्य मूल्य. त्याच्यावर टक्केवारीनं कर. राहत्या जागेचा भाड्याचा दर कमी असतो, दुकानाचा बराच जास्त.

एक हिशोब करू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहा. घर ५० चौरस मीटरचं. त्यातली पुढची खोली १० चौरस मीटर. समजा राहत्या जागेचा दर महिन्याला चौरस मीटरला २० रुपये, दुकानाचा ६० रुपये, आणि कर २५ टक्के.

सगळं घर राहतं धरलं तर वर्षाचं भाडं १२,००० रुपये. १० टक्के वजा करून १०,८००. कर २,७०० रुपये.

सगळं घर दुकान धरलं तर भाडं ३६,०००. वजा जाता ३२,४००. कर ८,१०० रुपये.

आणि जसं आहे तसं धरलं, म्हणजे ४० मीटर राहतं आणि १० मीटर दुकान, तर भाडं १६,८००. वजा जाता १५,१२०. कर ३,७८० रुपये.

म्हणजे एका शब्दानं वर्षाला ४,३२० रुपये जास्त. आकारणीची यादी साधारण चार वर्षांनी नव्यानं होते. चार वर्षं तसंच चाललं तर १७,२८० रुपये. यात एक चांगलं शिलाई मशीन येतं.

शिवाय बिलात नुसती घरपट्टी नसते. खाली आणखी ओळी असतात. शिक्षण कर असतो, तो बिगरनिवासी जागेला जास्त दरानं लागतो. रोजगार हमी उपकर असतो, तो फक्त बिगरनिवासी जागेला लागतो, राहत्या घराला नाही. म्हणजे राहत्या खोलीवर रोजगार हमी उपकर दिसला, तर तिथंच बोट ठेवून विचारायचं. वृक्ष कर, अग्निशमन कर, पाणीपट्टी अशा ओळीही असतात. बिल हातात आलं की एकूण रक्कम शेवटी वाचा. आधी एकेक ओळ वाचा.

आता गावाकडं येऊ. ग्रामपंचायतीत कायदा वेगळा, १९५८ चा. तिथं २०१५ च्या अखेरीस नियम बदलले. आधी बऱ्याच गावांत चौरस फुटाला ठरावीक दर असे. आता भांडवली मूल्य धरतात, म्हणजे त्या जागेची आणि बांधकामाची किंमत. जमिनीचा दर रेडीरेकनरमधून येतो. बांधकामाचा दर बांधकाम कशाचं आहे त्यावर. मग इमारत किती जुनी, त्याप्रमाणे घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट. आणि शेवटी वापराचा भारांक. राहत्या घराला १, कारखान्याला १.२०, दुकानाला १.२५. जी किंमत निघते, तिच्या दर हजार रुपयांमागं कर. तो दर किती, हे शासनानं घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते.

एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांच्या कराची व्यवस्था निराळी आहे. रांजणगाव आणि कुरकुंभकडच्या मैत्रिणी त्याबद्दल विचारतात, पण तो स्वतंत्र विषय आहे. आज आपण आपल्या खोलीपुरतं बोलू.

ग्रामपंचायतीत दुकान आणि घर यांतला फरक शहराइतका मोठा नसतो, सव्वा पट. पण तिथं चुका दुसऱ्या असतात. पत्र्याच्या शेडपुढं आरसीसी लिहिलेलं असतं. वीस वर्षांचं घर नवं धरलेलं असतं, मग घसारा मिळत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मापाची चूक. दहा बाय अकरा फुटांचं दुकान म्हणजे ११० चौरस फूट. मीटरमध्ये ते साधारण सव्वादहा होतं, कारण एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. कुणी फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात लिहिला, तर सव्वादहाच्या जागी ११० मीटर होतात. बिल दसपटीहून मोठं. हे कुणी मुद्दाम करतं असं आम्ही म्हणत नाही. शेकडो घरं एका वहीत उतरवताना होतं. पण आपल्या घराची ओळ आपल्याइतकी नीट दुसरं कोण वाचणार?

ही ओळ बघायची कुठं? ग्रामपंचायतीत नमुना ८. ती करआकारणीची नोंदवही. नमुना ९ मध्ये मागणी आणि थकबाकी असते. पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना १०. भाऊसाहेबांकडं नमुना ८ चा उतारा मागा. त्यांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो. हा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला या दोन्ही गोष्टी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात आहेत. ठरलेल्या दिवसांत त्या मिळायला हव्यात. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. एक लक्षात ठेवा, नमुना ८ हा कराचा कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही.

आता ताईंकडं परत जाऊ. आमच्या गटाच्या बैठकीत त्यांनी ती नोटीस आणली, तेव्हा हरकतीच्या ३० दिवसांतले पाच उरले होते. ताईंचं म्हणणं होतं, पाटी काढून टाकते आणि मशीन आतल्या खोलीत नेते. बारा वर्षांचं काम, आणि एका कागदानं दारावरची पाटी उतरवायची वेळ. आम्ही म्हटलं, थांबा, आधी माप घेऊ. ताईंच्या गळ्यात टेप होतीच. त्याच टेपनं आम्ही पाच खोल्या मोजल्या. वहीच्या पानावर नकाशा काढला. पुढच्या खोलीत मशीन, आत चूल, आत खाट, असे मोबाईलवर फोटो काढले आणि छापून घेतले. अर्ज साधा लिहिला. मालमत्ता क्रमांक अमुक. नोटीस या तारखेची. एकूण क्षेत्र इतकं, त्यातली एक खोली व्यवसायाची, बाकी चार राहत्या. त्याप्रमाणे वापराची नोंद दुरुस्त व्हावी. सोबत नकाशा, फोटो, जुनं बिल. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख.

सुनावणीला ताई गेल्या आणि पहिलाच प्रश्न आला, "घर कुणाच्या नावावर आहे?" घर सासऱ्यांच्या नावावर. त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. ताईंचं नाव कुठंच नाही. त्या घाबरल्या. पण यादीत मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचाही रकाना असतो. भोगवटादार म्हणजे जो तिथं प्रत्यक्ष राहतो, वापरतो तो. ताईंनी आधार कार्ड, वीजबिल आणि मिस्टरांचं संमतीपत्र दाखवलं. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. एका खोलीपुढं वाणिज्य राहिलं, चार खोल्यांपुढं निवासी झालं.

म्हणजे कर वाढला नाही का? वाढला. पूर्वी सगळं घर निवासी होतं, आता एक खोली दुकान आहे. ताई पूर्वीपेक्षा जास्त भरतात. पण जेवढं आहे तेवढ्याचं भरतात. पाटी जागेवर आहे.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही सांगायला हवं. आमच्या दुसऱ्या एक काकू डबे करतात. त्यांच्याकडंही अशीच नोटीस आली होती. त्या तोंडी बोलून आल्या. "बघू" असं उत्तर मिळालं, त्या निर्धास्त झाल्या. लेखी काही दिलं नाही. मुदत गेली, यादी कायम झाली, बिल आलं. मग धावपळ. नगरपरिषदेच्या बिलावर अपील करता येतं, पण बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत आणि मागितलेली रक्कम आधी भरून. शिवाय अपिलात विचारतात, वेळेत हरकत घेतली होती का? काकूंकडं दाखवायला कागद नव्हता. रागानं त्यांनी बिलच भरलं नाही. नगरपरिषदेत थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. आपल्या मघाच्या उदाहरणातलं ८,१०० रुपयांचं बिल वर्षभर थकलं, तर शास्तीच १,९४४ रुपये होते. म्हणून आम्ही सांगतो, वाद असला तरी बिल फाडू नका आणि दाबूनही ठेवू नका. "हरकत राखून भरत आहे" असं लिहून द्या आणि भरा. भांडण कागदावर चालू राहू द्या.

ग्रामपंचायतीच्या आकारणीवर तक्रार असेल तर अपील पंचायत समितीकडं होतं. आपल्यासाठी ते शिरूरला किंवा दौंडला. तिथंही मुदत असते, तिथंही लेखीच लागतं. गावात ३० सप्टेंबरच्या आत घरपट्टी भरली तर ५ टक्के सूट मिळते, त्यानंतर ५ टक्के जादा पडतात. तेव्हा गणपतीच्या खरेदीबरोबर हेही काम उरका.

आता नावाबद्दल. ताईंच्या सुनावणीनंतर आम्ही गटात सगळ्यांचे उतारे तपासले. बहुतेक ठिकाणी सासरे, नाहीतर मिस्टर, नाहीतर मोठे दीर. धंदा बाईचा, बिल भरते बाई, कागदावर ती कुठंच नाही. गावातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असं शासनानं २००३ सालीच सांगितलं आहे. वीस वर्षं उलटली. घरात भांडण न करता, चांगला दिवस बघून हा विषय काढा. मिस्टरांनी अर्ज दिला की ग्रामपंचायतीत नोंद होते. आणि सासरे वारले असतील तर वारसांची नावं लावायचं काम पुढं ढकलू नका. नोटीस मेलेल्या माणसाच्या नावानं येते आणि जिवंत माणसाला ती आपली वाटत नाही.

ज्यांचं दुकान भाड्याचं आहे त्यांनी भाडेकरार काढून बघा. घरपट्टी कोण भरणार, हे त्यात लिहिलंय का? कर मुळात मालकाच्या नावावर येतो. पण तोंडी ठरलेलं असेल तर वाढलेला कर गुपचूप भाड्यात येतो. करारात एक ओळ घाला आणि मालकाकडून दरवर्षी पावतीची झेरॉक्स मागून घ्या.

काही मैत्रिणी म्हणतात, "आम्ही सांगतच नाही दुकान आहे म्हणून. माणसं मोजायला आली की पाटी आत." आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. चार पैसे सुटतात म्हणून कुणी तसं करतं. पण धंदा वाढवायला कर्ज काढायला गेलात, की बँक जागेचा उतारा मागते, पावती मागते, थकबाकी नसल्याचा दाखला मागते. कागदावर जे दुकान नाही, ते बँकेलाही दिसत नाही. लपवायचं एकदा ठरवलं की चूक झाली तरी तोंड उघडता येत नाही, ते वेगळंच.

आणि एक गोंधळ मिटवू. शॉप अ‍ॅक्टची नोंद वेगळी, व्यवसाय कर वेगळा, जीएसटी वेगळा, विजेचा दुकानाचा मीटर वेगळा. यातलं एक केलं म्हणजे घरपट्टीत दुकानाची नोंद झाली, असं होत नाही. धंदा बंद केला, तरी घरपट्टीतली नोंद आपोआप उतरत नाही. मशीन विकलं, गिरणी काढली, खोली परत राहती झाली, तर तसा लेखी अर्ज द्या. नाहीतर बंद गिरणीची घरपट्टी वर्षानुवर्षं चालू राहते.

शेवटी हा पैसा जातो कुठं, त्याबद्दल. जुन्या बायकांना गावाच्या वेशीवरचे जकात नाके आठवत असतील. ती जकात गेली. आता नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, स्वतःचं म्हणून जे उत्पन्न असतं, त्यात घरपट्टी मोठी. दिवाबत्ती, गटार, कचऱ्याची गाडी यातून चालते. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. म्हणजे तुमच्या चहाच्या टपरीच्या आणि आमच्या गिरणीच्या घरपट्टीतलाही त्यात वाटा आहे. गेल्या वर्षी आपल्या गावात त्या दहा टक्क्यांचं काय केलं, हे किती जणींनी विचारलं? अंगणवाडीत काही आलं का? बाजाराच्या जागी बायकांसाठी संडास झाला का? ग्रामसभा १ मेला असते, १५ ऑगस्टला असते, २ ऑक्टोबरला असते, २६ जानेवारीला असते. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. विचारणारीही बाई आणि उत्तर देणारीही बाई, असं कितीतरी गावांत होऊ शकतं.

पण विचारायला उभं राहायचं तर हातात पावती हवी. म्हणून या आठवड्यात एवढंच करा. घरपट्टीचं शेवटचं बिल आणि नमुना ८ चा उतारा, शहरात असाल तर आकारणीचा उतारा, एका पिशवीत घाला. त्यात चार गोष्टी बघा: नाव कुणाचं, माप किती, बांधकाम कशाचं, वापर कुठल्या खोलीचा काय लिहिलाय. टेप घ्या आणि मोजा. फरक निघाला तर अर्ज लिहायला पुढच्या बैठकीला ती पिशवी घेऊन या. आम्ही मिळून लिहू. आणि कॅलेंडरच्या मागं काही खोचलेलं असेल, तर ते आजच काढून वाचा.